म्हैस, खोकं आणि माझा मुराळी

आमच्या घरात त्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं नाव कुणी घ्यायचं नाही, असा दादांचा कायदाच होता. दादा म्हणजे माझे वडील. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत ते मानापोटी, दादा त्या गाडीचं नाव घेत नसत ते रागापोटी. तिला ते खोकं म्हणायचे. "त्या अमक्या पाटलानं खोकं घेतलं म्हणं," असं सांगून अशी मान हलवायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं पाटलाच्या घरात कुणी गेलं. इतक्या वर्षांची सवय, म्हणून मीही इथं दोन्ही कंपन्यांची नावं घेणार नाही. तुम्हाला कळायचं ते कळेलच. आमची ती गोल, जड, पाठीकडून फुगीर. दुसरी ती चौकोनी, आटोपशीर. तेव्हा आमच्याकडं कुणी गाडी घेतलीच तर या दोनच. जीपही होत्या, पण जीपला दादा गाडी धरत नसत, अवजार धरत.

बोरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. दादांनी परभणीच्या एका डॉक्टरकडून जुनी गाडी घेतली होती, पांढरी. तिचं मागचं डावं दार माझ्या आठवणीत कधीच नीट लागलं नाही. चालताना ते खडखड वाजायचं आणि गाडी शिवेवर असतानाच घरात कळायचं. दादांना कुणी सांगितलं, दार दुरुस्त करून घ्या, तर ते म्हणायचे, "राहू द्या. बोलायलीय ती."

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. मागं भाऊ नाही, बहीण नाही. मला वाढवलं आत्यानं आणि दादांनी. दादा जिद्दी होते हे मी कबूल करते, आणि मीही त्यांचीच लेक आहे.

माझ्यासाठी स्थळ आलं ते येलदरीकडचं. मुलगा परभणीला नोकरीला, शेती चांगली, माणसं चांगली. दादा बघून आले आणि ओट्यावर गप्प बसले. आत्यानं विचारलं, काय झालं, पोरगं लंगडं हाय का? दादा म्हणाले, "पोरगं एक नंबर हाय. पर दारात खोकं हाय."

आत्यानं कपाळाला हात लावला. आत्याच्या जागी मी असते तर भांडलेच असते, पण लग्न माझंच असल्यामुळं मला बोलता येईना.

माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, ते दादांच्या वरचढ निघाले. त्यांनी दादांच्या गाडीचं नाव ठेवलं होतं म्हैस. साखरपुड्याला दादा गाडीतून उतरतात न उतरतात तोच मामंजींनी विचारलं, "काय इवाई, म्हशीला वाटंत किती ठिकाणी पाणी पाजलं?" आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. दादांच्या गाडीचं इंजिन तापायचं आणि रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागायचं, हे खरंच होतं. दादा म्हणाले, "पाणी पिती, पर साताजणांना घेऊन येती. तुमच्या खोक्यात चौथा माणूस बसला की पाचव्यानं उतरून ढकलावं लागतंय." सगळे हसले. पण दोघं हसले नाहीत. दोघांनाही ते मनापासून म्हणायचं होतं.

लग्नात तर कहर झाला. नवरी सासरी कुणाच्या गाडीतून जाणार? मामंजी म्हणाले, सून आमची, आमच्या गाडीतून येईल. दादा म्हणाले, माझ्या गावात ती माझी लेक आहे, माझ्याच गाडीत बसेल. तासभर घोळ चालला. शेवटी ठरलं की गावाच्या शिवेपर्यंत दादांची गाडी, शिवेपासून पुढं त्यांची. तसंच झालं. शिवेवरच्या लिंबाखाली मला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवलं. सगळ्या नवऱ्या दारात रडतात, मी भर रस्त्यात रडले. दादा खोक्याजवळ आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "पंचमीला येतो न्यायला." तेवढ्यावरच मी गाडीत बसले.

नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेकींचा भाऊ येतो. माझे मुराळी दादाच. आमच्याकडची रीत कडक होती. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीनं आपण होऊन माहेरी जायचं नाही. सासरच्यांनीही नेऊन पोचवायचं नाही, पोचवली तर लोक समजायचे, काहीतरी बिनसलं, पोरगी परत धाडली. म्हणजे दादा आले तर मला माहेर, नाही तर नाही. आणि दादा एस.टी.त बसत नसत, दुसऱ्याच्या गाडीत बसत नसत. त्यामुळं माझं सगळं माहेर त्या एका खडखडणाऱ्या दारावर येऊन ठेपलं होतं.

दादा दर पंचमीला यायचे. ते नामांतराचे दिवस होते. कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा, एस.टी. डेपोतच उभी. शेजारणींचे मुराळी दोन दोन दिवस अडकून पडायचे. दादा मात्र यायचेच. मी चुलीपुढं असायची, सासूबाई समोर असायच्या, दाराकडं बघत बसायची सोय नव्हती. पण कान रस्त्यावर. खडखड ऐकू आली की सासूबाई म्हणायच्या, "जा, आली तुजी म्हैस." मग ओट्यावर त्या दोघांचं सुरू व्हायचं. टायर, इंजिन, ॲव्हरेज. मामंजी दादांच्या गाडीभोवती एक चक्कर मारायचे, चाकाला पाय लावून बघायचे आणि काहीतरी खोड काढायचे. दादा त्यांच्या गाडीकडं पाठ करून बसायचे. सात वर्षं हे असं चाललं.

आठव्या वर्षी काय झालं ते सांगते.

दुपार होती. मी पुरण वाटत होते. गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला, तरी मी उठले नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दादा आले." मी म्हटलं, "आमची गाडी न्हाई ती." दार वाजलं नव्हतं. गाडी आपली गुपचूप आली होती. तेवढ्यात बाहेरून दादांचा आवाज आला, "कुठं हाय आमची लेक?"

मी बाहेर आले. गाडी पांढरी होती, गोल होती, त्याच कंपनीची होती. पण ती आमची नव्हती. आमच्या गाडीच्या सीटवर सोलापुरी चादर असायची, हिच्या सीटवर हिरवं मखमली कापड होतं. मागच्या काचेला झालरीचे पडदे. मागच्या सीटवर कापडाचा एक गठ्ठा आणि कुणाची तरी छत्री. आणि दादा त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, हसत, माझ्या दिशेनं बघत होते. माझ्याकडं नाही, माझ्या दिशेनं. दुसरा हात मला बोलवायला डावीकडं पुढं केलेला, आणि तिथं नुसता खांब होता.

आपल्या बापाला दिसत नाही, हे असं ओट्याच्या पायरीवर उभं राहून कळावं, वैऱ्यावरही ही वेळ येऊ नये.

काय झालं असणार ते मला तिथंच कळलं. वाटेत जिंतूर लागायचं. दादा दरवर्षी तिथं बाजारात थांबून माझ्यासाठी बांगड्या आणि पेढे घ्यायचे. त्या कंपनीच्या जुन्या गाड्यांची कुलपं झिजून इतकी सैल व्हायची की एकीची चावी दुसरीला लागायची. शेजारी कुणी तशीच पांढरी गाडी लावली असणार. दादा आले, चावी लावली, गाडी सुरू झाली, निघाले. हजारात आपली गाडी ओळखीन म्हणणारा माझा बाप दुसऱ्याची गाडी घेऊन पाच-सहा कोस आला होता. रस्ता पाठ, गाडी पाठ, डोळ्यांचं काम त्यांनी कधीपासून पाठांतरावर ढकललं होतं कोण जाणे. सगळं ध्यान रस्त्यावर, म्हणून दार वाजत नाही हेही त्यांना कळलं नसणार.

मामंजी ओट्यावरून उठले. नेहमीसारखे चक्कर मारायला निघाले. मला वाटलं, झालं, आता हे नंबर बघणार, आणि जन्मभराचं हसं होणार. बोरीपासून येलदरीपर्यंत गोष्ट फिरणार. मामंजींनी खरंच नंबर बघितला. मग गठ्ठा बघितला, छत्री बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते. त्यांनी चाकाला पाय लावला नाही.

"इवाई," ते म्हणाले, "यंदा म्हैस लय चकाचक दिसायलीय."

"धुवून आणली," दादा खुशीत म्हणाले.

मामंजी पाणी घ्यायच्या निमित्तानं आत आले. हळू आवाजात मला विचारलं, "दिसत न्हाई का त्याला?"

"मला न्हाई म्हाईत, मामंजी," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"रडू नको. ऐकू जाईल. ज्याची गाडी हाय तो तिकडं बोंब मारत असंल. पर मुराळी जेवल्याबिगर कसा धाडायचा? वाढ लवकर."

चोरीची गाडी दारात, आणि माझे सासरे दादांना आग्रह करून पुरणपोळी खाऊ घालत होते. आजही आठवलं की मला हसू येतं आणि त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

जेवण झालं. दादा हात धुवून चावी चाचपायला लागले. मामंजी म्हणाले, "इवाई, एक इच्छा हाय. एकदा तुमची गाडी मला चालवू द्या. तुमच्या गावापर्यंत येतो."

दादांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. सात वर्षं ज्याची वाट बघितली ते आज आपण होऊन चालून आलं होतं. "आलात का वळणावर," ते म्हणाले, आणि चावी काढून दिली.

मी मागं बसले, गठ्ठा पायाशी सारून. दादा पुढं डाव्या बाजूला. दादांचं कौतुक सुरू झालं. खड्डा कसा कळत न्हाई बघा. चढाला कशी घेती बघा. मामंजी "हो, हो" म्हणत होते. सात वर्षं जी नावं ठेवली ती सगळी गिळून माणूस "लय दमदार हाय गाडी" म्हणत होता. मी मागून बघत होते, त्यांच्या मानेवर घाम आला होता.

मग दादांनी सुपारीसाठी पुढच्या कप्प्यात हात घातला. त्यांचा अडकित्ता तिथं असायचा. हाताला काहीतरी दुसरंच लागलं, कागद, मोजपट्टी. हात तसाच थांबला. मग त्यांनी दाराला हात लावला, मांडीखालच्या मखमलीवरून बोटं फिरवली. आणि मागं न बघता त्यांनी मला विचारलं, "बाय, दार वाजत न्हाई का गं?"

माझ्याआधी मामंजीच म्हणाले, "रस्ता बरा केलाय आता, म्हून वाजत न्हाई."

दादांनी हात मांडीवर घेतले. त्यांना कळलं होतं. मामंजींना कळलं की त्यांना कळलंय, आणि मला दोघांचं कळलं होतं, तरी जिंतूर येईपर्यंत तिघंही समोर बघत बसलो.

बाजारात गर्दी होती. आमची गाडी एका बाजूला उभी होती, तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं, मध्ये एक कापड दुकानदार हातवारे करत होता. आम्ही दिसताच सगळे धावत आले. मामंजी दादांना म्हणाले, "तुमी बसा," आणि खाली उतरून हात जोडले.

"शेठ, चूक माझी. माझ्या इवायाची गाडी समजून मीच नेली."

"डोळे फुटले का तुमचे?" शेठ ओरडला. "एवढ्या मोठ्या माणसाला आपली गाडी कळत न्हाई?"

दादा आत बसले होते, काच खाली होती. त्यांनी मान खाली घातली.

मामंजी म्हणाले, "फुटलेच म्हणायचे. आमी खोकेवाले, शेठ. आमाला सगळ्या म्हशी एकसारख्याच दिसतात."

लोक हसले. शेठचाही राग निम्मा उतरला. कोपऱ्यातला पानवाला मात्र म्हणाला, "पर मी बघितलं, नेणारा तर दुसराच होता. टोपीवाला." मामंजी त्याच्याकडं वळून म्हणाले, "माझीच टोपी घरी राहिली. तू पान लाव." अख्ख्या तालुक्यात ज्याच्या मिशीला कुणी हात लावला नाही तो माणूस भर बाजारात आंधळा ठरून हसू झेलत होता, आणि तेही त्या गाडीपायी जिचं त्याला तोंड बघवत नव्हतं.

आम्ही आमच्या गाडीत आलो. मला धाकधूक होती, दादा आता हट्टानं चालवायला बसणार. त्यांनी मामंजींकडून चावी मागून घेतली. थोडा वेळ हातात धरून उभे राहिले. मग चाचपत मामंजींचा हात धरला, चावी त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि स्वतः डावीकडं जाऊन बसले. दार खडखडायला लागलं.

त्या दिवशी पुन्हा कसलातरी बंद होता, एस.टी. नव्हती. मामंजींना आमच्याकडंच मुक्काम करावा लागला. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामंजी विचारत होते, "खरं सांगा इवाई. काय हाय एवढं त्या गाडीत?"

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "हिची आई हिला घेऊन दवाखान्यातून घरी आली ती ह्याच गाडीतून. मागं, डाव्या बाजूला बसली होती. दार तवाच बिघडलं. तिनं हिला धरलं होतं ना, मग पायानं दार ओढून घेतलं, बिजागरी वाकली. मी रागावलो बी होतो." मग ते म्हणाले, "दुसऱ्या गाडीत ती कुठंच बसली न्हाई, इवाई."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तीस वर्षांची होत आले होते आणि मला वाटायचं दादांना इंजिनाचं वेड आहे.

मामंजी म्हणाले, "आमचं खोकं मला थोरल्या भावानं शिकवलं. हातावर हात ठेवून. पुढं बांधावरून आमचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. तो गेला. आता गिअर टाकला की त्याचा हात आठवतो." आणि चहाची बशी तोंडाला लावली.

पुरुषमाणसं अशी असतात. इथं मी सुखात होतो, असं ती म्हणणार नाहीत, ॲव्हरेज चांगलं देती म्हणतील. आणि आपण बायका खुळ्यासारखं ते खरं मानून बसतो.

दादांनी त्यानंतर गाडी चालवली नाही. परभणीला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण चालवण्याइतकी नजर आली नाही. गाडी गोठ्याशेजारी उभी. वर्ष सरत आलं तसा माझ्या मनाला घोर लागला. पंचमी जवळ आली. शेजारणींचे मुराळी यायला लागले. दादा दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाहीत, आणि मामंजी रीत सोडून मला पोचवणार नाहीत. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी नाही म्हणालं असतं.

आदल्या दिवशी मामंजी सकाळीच आपली गाडी घेऊन कुठंसे गेले. सासूबाई म्हणाल्या, "पुरण घाल." मी म्हटलं, "कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "घाल म्हटलं ना."

दुपारी खडखड ऐकू आली.

मी हातातला झारा टाकून दाराशी धावले, सासूबाईंची पर्वा न करता. आमची गाडी वळून दारात आली. चालवत होते मामंजी, शेजारी दादा, नवी टोपी, मांडीवर बांगड्यांचा पुडा. मामंजींनी आपली गाडी माझ्या माहेरी ठेवली होती आणि दादांच्या गाडीत दादांना बसवून आणलं होतं. जेवणं झाली की आम्हा दोघांना त्याच गाडीतून पुन्हा तिकडं सोडायचं, आणि मग आपल्या गाडीतून एकट्यानं परत यायचं. दादांचे डोळे मिटेपर्यंत दर पंचमीला त्यांनी हे केलं.

पण मला विसरता येत नाही ते निराळंच. गाडी थांबली तसे मामंजी खाली उतरले, दादांशी एक अक्षर बोलले नाहीत, माझ्या अंगावरून घाईघाईनं घरात शिरले. खुंटीवरचा पटका डोक्याला गुंडाळला, तांब्या भरून घेतला, आणि घरधनी म्हणून उंबऱ्यात येऊन उभे राहिले. दादा अजून गाडीजवळच होते, दाराला हात लावून, बोलावणं यायची वाट बघत.

"या, इवाई," मामंजी म्हणाले. सकाळपासून चालवून त्यांना धाप लागली होती. "कवा निघालात? कसं काय येणं केलं?"

दादांनी टोपी नीट केली.

"लेकीला न्यायला आलो," ते म्हणाले.